मदत हवी आहे: ग्वाटेमालाच्या एका कुटुंबासाठी कुठली संस्था गाठावी? (मेरीलँड / डीसी परिसर)

नमस्कार मंडळी,

मी मेरीलँडमध्ये जर्मनटाऊनला राहते. आजचा प्रश्न आपल्या मराठी लोकांबद्दलचा नाही, तरी इथेच विचारते आहे. या भागात वीस-पंचवीस वर्षं काढलेले बरेच जण इथे आहेत आणि दवाखाने, शाळा, काउंटीची ऑफिसं त्यांना चांगली माहीत आहेत.

माझ्या मुलाच्या वर्गात ग्वाटेमालाची एक मुलगी आहे, नऊ वर्षांची. तिची आई आणि मी सकाळी एकाच बसस्टॉपवर उभ्या असतो. मला कामचलाऊ स्पॅनिश येतं, त्यामुळे आमचं निभेल असं वाटलं होतं. पण तिची स्वतःची भाषा माम आहे. वेवेतेनांगोच्या डोंगरांमधले माया लोक ही भाषा बोलतात. स्पॅनिश ती बाजारहाटापुरतं शिकली आहे आणि इंग्रजी अजिबात येत नाही. त्यामुळे घरातला सगळा बाहेरचा व्यवहार ही नऊ वर्षांची पोर बघते. शाळेचं पत्र आलं की तीच वाचते, घरमालकाचा फोन आला की तीच बोलते.

वडील रूफिंगच्या कामावर जातात, आई लोकांच्या घरी साफसफाई करते. मुलगी तिकडची, धाकटा भाऊ इथे जन्मलेला, म्हणजे अमेरिकन नागरिक. घर एकच, पण प्रत्येकाचे कागद वेगळे. असायलमचा, म्हणजे इथे आश्रय मिळावा म्हणून, अर्ज केलेला आहे, असं मुलगी सांगते. आधी लँगली पार्कला एका खोलीत राहत होते, आता इथे चुलतभावाच्या बेसमेंटमध्ये आले आहेत.

गेल्या आठवड्यात आईने बसस्टॉपवर माझ्या हातात एक झिपलॉकची पिशवी दिली. आत हॉस्पिटलचं बिल होतं, शाळेची दोन पत्रं होती आणि शाळेच्या वहीतून फाडलेलं एक पान होतं. त्या पानावर पेन्सिलने तारखा आणि तास लिहिले होते. नवऱ्याने कुठल्या दिवशी किती तास काम केलं त्याचा हिशेब. ठेकेदाराने पाच आठवड्यांचे पैसे दिलेले नाहीत आणि आता तो फोनही उचलत नाही.

बिल इमर्जन्सीचं आहे. आईला रक्तस्राव सुरू झाला म्हणून रात्री हॉस्पिटलला नेलं होतं. तिथे दुभाषा म्हणून ही मुलगीच उभी होती. दिवस गेले होते का, किती महिने झाले होते, रक्त किती गेलं, हे सगळं डॉक्टर विचारत होते आणि ती आईला माम भाषेत सांगत होती. मला हे सांगताना 'हेमरेज' हा शब्द तिने न अडखळता उच्चारला. माझा मुलगा तिच्याच वर्गात आहे, त्याला तो शब्द ठाऊक नाही. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

पुन्हा तपासायला बोलावलं होतं, पण आई गेली नाही. शाळा, दवाखाने, चर्च अशा ठिकाणी शक्यतो धरपकड करायची नाही हे जुनं धोरण सरकारने जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतलं. तेव्हापासून ती दवाखान्यालाच घाबरते. त्यातच एका दुकानात 'नोतारिओ' अशी पाटी लावून बसलेल्या माणसाने दीड हजार डॉलर द्या, सगळे कागद करून देतो, असं सांगितलं आहे. ते पैसे उसने मिळतील का, याच विचारात दोघं आहेत. मला हे अजिबात बरं वाटत नाही.

मला अशी एखादी ना-नफा संस्था हवी आहे जिथे दवाखाना, वकील, शाळेची कामं आणि पगाराची तक्रार यातलं बरंचसं एकाच ठिकाणी होईल. तिथे गेल्यावर कागदपत्रं विचारतात का? माम बोलणारं कोणी मिळतं का? आणि मी स्वतः एच-४ वर (जोडीदाराच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) आहे, मी यात किती पडू शकते? कृपया ऐकीव सांगू नका, स्वतः काम केलेल्यांनी किंवा अनुभव घेतलेल्यांनी लिहा.

प्रतिसाद: पोटोमॅककाठी

ताई, 'मेरीज सेंटर' हे नाव लिहून ठेवा. मी तिथे काही काळ स्वयंसेवक होते. १९८८ मध्ये डीसीच्या अ‍ॅडम्स मॉर्गनमध्ये मारिया गोमेस या परिचारिकेने ते सुरू केलं. तेव्हा मध्य अमेरिकेतल्या यादवीतून पळून आलेल्या गरोदर बायकांना इथे कुठे जावं हेच कळत नव्हतं. ओबामांनी गोमेस यांना २०१२ सालचं प्रेसिडेन्शियल सिटिझन्स मेडल दिलं. आता त्यांचे दवाखाने मेरीलँडमध्येही आहेत, तुम्हाला सिल्व्हर स्प्रिंग जवळ पडेल.

तुम्ही म्हणता तसं 'एकाच ठिकाणी' ही त्यांची मूळ कल्पनाच आहे. डॉक्टरकडे आलेल्या बाईला घरात धान्य आहे का, मूल शाळेत जातं का, हेही विचारतात आणि तिथल्या तिथे पुढच्या माणसाकडे नेतात. फी उत्पन्नाप्रमाणे ठरते. त्यांच्याबरोबर 'ब्रिया' नावाची चार्टर शाळा चालते. तिथे आई एका वर्गात इंग्रजी शिकते आणि तिचं लहान मूल शेजारच्या वर्गात बालवाडीत असतं. मी पाहिलेल्या सगळ्या योजनांमध्ये मला ही सर्वांत शहाणी वाटते, कारण मूल सांभाळायला कोणी नाही म्हणून बायकांचं शिक्षण अडतं. ब्रिया डीसीची आहे, म्हणून तुमच्या मैत्रिणीला तिचा थेट उपयोग नाही. पण काउंटीच्या गिलख्रिस्ट सेंटरमध्ये इंग्रजीचे वर्ग फुकट असतात.

मुलीसाठी गेदर्सबर्गची 'आयडेंटिटी' बघा, तुमच्याकडून जवळच आहे. १९९८ पासून मॉन्टगोमेरी काउंटीतल्या लॅटिनो मुलांसाठी आणि पालकांसाठी काम करतात. आणि काउंटीचा 'केअर फॉर किड्स' कार्यक्रम मेडिकेडमध्ये (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्यविम्यात) न बसणाऱ्या मुलांच्या औषधपाण्यासाठीच आहे, मुलगी त्यात बसायला हवी. धाकटा नागरिक असल्याने त्याला उत्पन्नानुसार मेडिकेड मिळू शकतं.

प्रतिसाद: निळी_शाई

मी हॉस्पिटलच्या बिलिंग विभागात आहे (तुमच्या धाग्यातल्या नव्हे), म्हणून फक्त बिलाबद्दल लिहिते.

ते बिल भरू नका आणि फेकूही नका. मेरीलँडच्या कायद्याप्रमाणे फेडरल दारिद्र्यरेषेच्या २०० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हॉस्पिटलने आवश्यक उपचार मोफत द्यायचे असतात, त्याहून थोडं वर असेल तर सवलत. ना-नफा हॉस्पिटलला पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत मदतीचा अर्ज स्वीकारावा लागतो. बिलाच्या मागच्या बाजूला 'फायनान्शियल असिस्टन्स' असं बारीक अक्षरात असतं, तिथल्या नंबरवर फोन करा. पगाराची स्लिप नसेल तर काय चालेल, हे त्यांनाच विचारा. रोखीवर काम करणारी माणसं रोज येतात, त्यांना हा प्रश्न नवा नाही.

शिवाय जुलै २०२३ पासून मेरीलँडमध्ये गरोदर बाईला इमिग्रेशनची स्थिती काहीही असली तरी, उत्पन्न मर्यादेत असेल तर मेडिकेड मिळतं. तुमच्या मैत्रिणीचं बिल त्यात बसतं का, हे फायनान्शियल काउन्सेलरला स्पष्ट विचारा.

दुभाष्याबद्दल. नऊ वर्षांच्या मुलीकडून असं काम करून घ्यायलाच नको होतं. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याने दुभाषा मोफत द्यायचा असतो आणि जिवावरची घाई सोडली तर मुलांना दुभाषा म्हणून वापरायला मनाई आहे. माम बोलणारे फोनवर मिळतात. कधी मामचं स्पॅनिश एक जण करतो आणि स्पॅनिशचं इंग्रजी दुसरा. वेळ लागतो, पण होतं. अपॉइंटमेंट घेतानाच 'माम, स्पॅनिश नाही' असं ठासून सांगा. ग्वाटेमाला म्हटलं की समोरचा डोळे झाकून स्पॅनिश लिहितो आणि मग आयत्या वेळी गोंधळ होतो.

प्रतिसाद: सातबारा

बाकी सगळं चार दिवस थांबलं तरी चालेल, पण एक गोष्ट आज बघा. तुम्ही लिहिलंय की ही मंडळी लँगली पार्क सोडून जर्मनटाऊनला आली आणि असायलमचा अर्ज केलेला आहे. केस इमिग्रेशन कोर्टात असेल तर पत्ता बदलल्यावर पाच कामकाजी दिवसांत कोर्टाला 'ईओआयआर-३३' हा फॉर्म द्यावा लागतो. तो दिला नसेल तर सुनावणीची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते. माणूस हजर राहत नाही आणि त्याच्या गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम निघतो. मी एका ना-नफा संस्थेत वकिलांच्या हाताखाली काम करते आणि या एका कागदापायी चांगल्या केसेस बुडालेल्या पाहिल्या आहेत. त्यांच्या कागदांवर 'ए' अक्षराने सुरू होणारा नऊ आकडी नंबर असेल. तो घालून कोर्टाच्या वेबसाइटवर पुढची तारीख दिसते. मुदत उलटून गेली असली तरी फॉर्म आजच द्यावा. यूएससीआयएसलाही (इमिग्रेशनचे अर्ज बघणाऱ्या सरकारी खात्याला) पत्ता वेगळा कळवायचा असतो, त्याचा फॉर्म 'एआर-११'.

पाटीवाल्याला एक डॉलरही देऊ नका. लॅटिन अमेरिकेत त्या पदाचा माणूस कायदा शिकलेला आणि वजनदार असतो. इथे नोटरी फक्त सहीचा साक्षीदार असतो. इमिग्रेशनची कामं वकील किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधीच करू शकतो, आणि असे प्रतिनिधी ना-नफा संस्थांमध्येच असतात. डीसीमध्ये 'कारेसेन' १९८१ पासून आणि 'आयुदा' १९७३ पासून हे काम करतात. आयुदा तर अशा फसवणुकीविरुद्ध वेगळं कामच करते. प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून नाव आत्ताच नोंदवून टाका. इमिग्रेशन कोर्टात सरकार वकील देत नाही, हे त्यांना माहीत आहे का तेही विचारा. फौजदारीसारखा मिळेल अशी पुष्कळांची समजूत असते.

पगाराचं: कागद असोत वा नसोत, केलेल्या कामाचे पैसे मागायचा हक्क कायद्याने आहे. मेरीलँडमध्ये कोर्ट बुडवलेल्या पगाराच्या तिपटीपर्यंत रक्कम देववू शकतं. वहीचं ते पेन्सिलीचं पान जपून ठेवा, फोटो काढा. ठेकेदाराचे मेसेज, गाडीचा नंबर, ज्या घरांवर काम केलं त्यांचे पत्ते, जे असेल ते गोळा करा. यासाठी 'कासा'कडे जा. १९८५ मध्ये टाकोमा पार्कच्या एका चर्चमध्ये सुरू झालेली संस्था, मुख्य कार्यालय लँगली पार्कलाच. मजुरांची त्यांची केंद्रं आहेत, तिथून काम मिळालं तर काम देणाऱ्याची नोंद राहते, पुन्हा असं व्हायची शक्यता कमी.

आणि एक. आईवडिलांपैकी कोणाला धरलंच तर मुलं कोणाकडे राहतील, हे लिहून ठेवायची सोय मेरीलँडमध्ये आहे, 'स्टँडबाय गार्डियन' म्हणतात. विषय अवघड आहे, पण वकिलाबरोबर बसतील तेव्हा तो काढाच.

प्रतिसाद: घाटमाथा

ताई, तुमची तळमळ समजते, पण तुम्ही स्वतः एच-४ वर. सध्याचे दिवस बघता जपून राहावं असं मनापासून वाटतं.

प्रतिसाद: सातबारा

काळजी रास्त आहे. फोन लावून देणं, दवाखान्यात सोबत जाणं, संस्थेचा पत्ता देणं, शाळेत पालकसभेला शेजारी बसणं यात काही वावगं नाही. इमिग्रेशनचे अर्ज मात्र स्वतः भरून देऊ नका आणि सल्लाही देऊ नका. संस्थेत विनावेतन स्वयंसेवा करायला एच-४ आड येत नाही, फक्त ते काम खरोखर स्वयंसेवकांचं असावं, पगारी जागेवरचं नको. शंका असेल तर तुमच्या वकिलाला एक ईमेल टाका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सातबारा, तुमचा प्रतिसाद वाचून मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. पत्ता बदललेला नव्हता. पुढची तारीख वेबसाइटवर दिसली, ती अजून जायची आहे. एका संस्थेच्या मदतवाहिनीवर स्पॅनिश बोलणाऱ्या बाईंनी चुलतभावाला फॉर्म कसा भरायचा ते सांगितलं, त्याने तो भरून पाठवला. मी फक्त बाजूला बसले होते. मुलगी तेवढा वेळ माझ्या मुलाबरोबर खाली खेळत होती. मुद्दामच तिला वर बोलावलं नाही.

घाटमाथा, तुमचा सल्ला आपुलकीचा आहे हे कळलं. पण ती आई रोज सकाळी माझ्या शेजारी उभी राहते. मला माहीत असूनही मी काही केलं नाही, असं होऊ नये एवढंच वाटतं.

सिल्व्हर स्प्रिंगच्या दवाखान्यात तपासणीची वेळ मिळाली आहे. माम दुभाषा फोनवर देतो म्हणाले. गाडीने मी नेणार आहे. हॉस्पिटलच्या मदतीचा अर्ज मागवला आहे, उत्पन्नाचा पुरावा म्हणून कामावर ठेवणाऱ्या दोन घरांतल्या बायकांनी पत्र द्यायची तयारी दाखवली आहे. निळी_शाई, अशी पत्रं चालतात ना?

आता दोन गोष्टी उरल्या आहेत. एक, कासाच्या कार्यालयात पगाराच्या तक्रारीसाठी आधी वेळ घ्यावी लागते की थेट गेलं तरी चालतं? वडिलांचा एका दिवसाचा रोजगार बुडतो, म्हणून हेलपाटा नको. दुसरं, मुलीला शाळेत समुपदेशकाकडे पाठवावं असं मला वाटतं, त्या रात्रीचं तिच्या मनात काहीतरी राहिलं आहे. आईला हे कसं सांगावं? तिच्या गावाकडे अशा गोष्टींसाठी कोणाकडे जातात, हे ग्वाटेमालात राहिलेल्या किंवा तिथल्या लोकांबरोबर काम केलेल्या कोणाला ठाऊक असेल तर इथे लिहा किंवा व्यनि करा.