लॅबचे निर्बंध फक्त विद्यार्थ्यांनाच लावायचेत – मदत हवी आहे

विंडोज सर्व्हर 2019 चं डोमेन (सगळे पीसी आणि खाती एकाच जागेवरून सांभाळणारी व्यवस्था), लॅबचे 30 पीसी वेगळ्या ओयूमध्ये (डोमेनमधल्या कप्प्यात). एकाच जीपीओत (ग्रुप पॉलिसीच्या नियमसंचात) पेनड्राइव्ह बंद (कॉम्प्युटर बाजू) आणि कंट्रोल पॅनल बंद (युजर बाजू). लूपबॅक ‘मर्ज’ (युजरच्या स्वतःच्या पॉलिसीत पीसीच्या ओयूची युजर पॉलिसीही मिसळणं) दुसऱ्या जीपीओतून चालू आहे. सगळं लागू होतं, पण शिक्षकांनाही!

म्हणून फिल्टरिंगमधून (जीपीओ कुणाला लागू होईल त्या यादीतून) ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ (डोमेनमधली सगळी युजर आणि पीसी खाती) काढून विद्यार्थ्यांचा ग्रुप टाकला, तर काहीच लागेना. जून 2016 च्या अपडेटपासून युजर पॉलिसीही कॉम्प्युटरच्या खात्यानेच वाचली जाते, त्यामुळे डेलिगेशनमध्ये (जीपीओच्या परवानग्यांच्या टॅबमध्ये) ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ला ‘रीड’ (फक्त वाचायची परवानगी) दिलं. कंट्रोल पॅनलचं जमलं. पेनड्राइव्ह मात्र उघडेच, कारण कॉम्प्युटर बाजूच्या नियमासाठी पीसीला ‘अप्लाय’ही (जीपीओ लागू होण्याची परवानगी) हवं.

आता जीपीओचे दोन तुकडे करावेत, की जुनं फिल्टरिंग परत आणून शिक्षकांच्या ग्रुपला ‘अप्लाय’ नाकारावं? असा ‘डिनाय’ (नकार) सहा महिन्यांनी शोधताना डोकं खातं, म्हणून हात आखडतोय. 30 पीसींवर कुणी काय केलंय?