बालालाइका : सामान्यरूप, व्युत्पत्ती आणि 'छेडणे'

शब्दवेडा : बालालाइका या रशियन तारवाद्याबद्दल लिहितोय. 'बालालाइकाचा' की 'बालालाइकेचा'? आणि ओळखीचा शब्द हवा म्हणून 'रशियन सतार' म्हटलं तर?

खुंटी : सतार नकोच. ना तरफा (मुख्य तारांखालच्या, आपोआप गुंजणाऱ्या तारा), ना जवारी (घोडीमुळे येणारी सतारीची झणकार), ना भोपळा. त्रिकोणी लाकडी पेटी आणि तीन तारा. रशियनमध्ये शब्द स्त्रीलिंगी, मराठीतही 'शाखा-शाखेचा'सारखं 'बालालाइकेचा' सहज बसतं. उच्चारात आघात 'लाइ'वर. आधीचे दोन्ही 'आ' इतके आखूड की ऐकू येतं 'बललाय्का'. लिहिताना मात्र रूढ रूप बरं.

शब्दवेडा : म्हणजे 'बालिका'शी नातं नाही!

जुनीपोथी : नातं बडबडीशी असावं. 'बालाकात' म्हणजे गप्पा हाणणं, 'बालाबोलित' म्हणजे वायफळ बोलणं. बोलीत 'बालाबाइका' असंही रूप आहे. शब्दाची सर्वांत जुनी ज्ञात नोंद 1688 ची, मॉस्कोची, आणि तीही पकडापकडीची : याऊझा दरवाजाशी दोघे गाणी म्हणत, बालालाइका वाजवत आले आणि पहाऱ्यावरच्या शिपायांना शिव्या देऊ लागले. नावाला शोभेल असंच पदार्पण.

शब्दवेडा : 'बालालाइका छेडली' चालेल?

खुंटी : क्वचितच. मुख्य वादनपद्धतीचं नाव 'ब्रित्सानिये', शब्दशः खणखणाट. मनगट सैल ठेवून तर्जनी तिन्ही तारांवरून खालीवर फिरते. खाली जाताना नखाची कड लागते, वर येताना बोटाचा मांसल भाग. इथे 'वाजवणे'च म्हणा. एकेक तार बोटाने ओढतात त्याला 'शिपोक', म्हणजे चिमटा. तिथे 'छेडणे' शोभेल. बोटं एकामागून एक उघडत तारांवर सोडली की 'द्रोब'. फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्टीला, ते 'लाद' म्हणतात, आणि त्याच शब्दाचा अर्थ सलोखाही होतो. आपला 'पडदा' त्या मानाने रुक्ष.

शब्दवेडा : नखी वापरतात ना? चित्रात पाहिली.

खुंटी : ते चित्र कॉन्ट्राबासचं, म्हणजे सर्वांत मोठ्या बालालाइकेचं असेल : जमिनीवर टेकवायचं, चामड्याच्या नखीने वाजवायचं. नेहमीची छोटी 'प्रिमा' बोटानेच वाजते. तिच्या दोन तारा ई, तिसरी ए (पाश्चात्त्य स्वरनावं), म्हणजे सा-सा-म. ई बहुधा नायलॉनच्या, ए पोलादी. सगळ्या पोलादी लावल्या तर ताण वाढतो, तर्जनीही सोलते. दोन्ही ई तंतोतंत जुळल्या नाहीत तर सूर लाटांसारखा थरथरतो. नवं नायलॉन ताणत राहतं, म्हणून सुरुवातीला वारंवार सूर लावावा लागतो. तारा बदलताना एकेकच काढा. घोडी, म्हणजे तारांखालचा लाकडी टेकू, चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. तिन्ही काढल्या की सरकते. मग बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर आणि तिथेच नुसतं बोट टेकवून काढलेला सूर जुळेपर्यंत घोडी हलवत बसा.

जुनीपोथी : गावाकडे सा-ग-प अशीही जुळणी होती, 'गितारी' म्हणून ओळखली जाणारी. जुन्या वाद्यांचे पडदे तातीने (आतड्याच्या दोरीने) बांधलेले. बालालाइकावादक वासिली आंद्रेयेव (1861–1918) याने 1880 च्या दशकात कारागिरांकरवी पक्के पडदे बसवले आणि लहानमोठ्या आकारांचा संच घडवला. त्यामुळे 'बालालाइका' लिहिताना काळ बघा : 1700 च्या संदर्भात या संचातली 'प्रिमा' आणलीत तर ती चूक ठरेल.

शब्दवेडा : माझा मजकूर 1750 चा आहे. मग 'प्रिमा' काढतो, 'बालालाइकेचा' ठेवतो.