नोकरी सोडून पूर्णवेळ तबला: निर्णय कोणत्या आधारावर घ्यावा?

मध्यलय यांचा प्रश्न

माझे वय 36 असून हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत मी गेली नऊ वर्षे नोकरी करत आहे. तबल्याचे शिक्षण शाळेत असताना सुरू झाले. विशारद झाल्यानंतरही गुरुजींकडे जाणे थांबलेले नाही, आणि शनिवार-रविवारी एका कथक वर्गात ठेका धरण्यासाठी व अधूनमधून छोट्या मैफलींत साथीसाठी मी जातो. अलीकडे मात्र कार्यालयातील रात्रीच्या बैठकांमुळे रियाज जवळजवळ उरलेलाच नाही, आणि चाळिशीनंतर हात तयार होणे अवघड आहे, ही भीती मनातून जात नाही. पत्नी शाळेत शिक्षिका आहे, मुलगी पाच वर्षांची आहे, घराच्या कर्जाची चौदा वर्षे बाकी आहेत आणि आई-वडिलांचा आरोग्य विमा माझ्या कंपनीच्या गट विम्यातून चालतो. राजीनामा देऊन पूर्णवेळ तबल्याकडे वळावे, असे तीव्रतेने वाटते. या वाटेने गेलेल्यांनी आणि पैशाचा हिशेब जाणणाऱ्यांनी स्पष्ट मत द्यावे, ही विनंती.

साथसंगत यांचे उत्तर

मी व्यवसायाने तबलावादक आहे, त्यामुळे उत्साह वाढवणे किंवा घाबरवणे यापेक्षा हा व्यवसाय प्रत्यक्षात कसा चालतो ते सांगणे मला अधिक उपयोगी वाटते. बाहेरून मैफल दिसते. घर मात्र शिकवण्यांवर चालते. परीक्षेला बसणारी मुले, हौसेने शिकणारे मध्यमवयीन, परदेशातून ऑनलाइन शिकणारे विद्यार्थी आणि कथकच्या वर्गांतील तासावर मिळणारे मानधन, हा माझ्या ओळखीच्या बहुतेक तबलजींच्या मिळकतीचा स्थिर भाग आहे. मैफलीची बिदागी ऋतूप्रमाणे येते: गणेशोत्सवापासून दिवाळी पहाटेपर्यंत आणि नंतर थंडीच्या महोत्सवांत तारखा एकमेकींवर आदळतात, तर मे-जूनमध्ये वही कोरी असते. शिवाय साथीदाराला बोलावणे गायकाच्या किंवा नर्तकाच्या पसंतीवर अवलंबून असते, आणि ती पसंती वर्षानुवर्षे तालमींना वेळेवर हजर राहून मिळवावी लागते. 2020 मध्ये सभागृहे बंद झाली, तेव्हा ज्यांच्याकडे शिकवण्या होत्या ते तरले. केवळ कार्यक्रमांवर जगणाऱ्यांना उसनवारी करावी लागली.

आपल्या प्रश्नातील एका गृहीतकाबद्दल मला खरी शंका आहे. नोकरी सुटली की रियाजाला वेळ मिळेल, असे आपण धरून चालला आहात. संध्याकाळी चार ते नऊ शिकवण्या, दुपारी तालीम, महिन्यातून काही दिवस प्रवास आणि उरलेल्या वेळात मानधनाची आठवण करून देणारे फोन, अशा दिनक्रमात सकाळचे दोन तास हट्टाने राखले नाहीत तर पूर्णवेळ वादकाचाही रियाज बुडतो. नवशिक्याकडून ‘धा धा तिट धा धा तिन ना’ शंभर वेळा वाजवून घेण्यात आपल्याला आनंद वाटत असेल, तर या व्यवसायात आपण सुखी व्हाल. ते कंटाळवाणे वाटत असेल, तर आपल्याला तबला हवा आहे, तबलजीचा व्यवसाय नको आहे, आणि मग नोकरीतच अधिक मोकळा वेळ शोधणे शहाणपणाचे ठरेल.

जमाखर्च यांचे उत्तर

मला तालातले काही कळत नाही, आकड्यांपुरते लिहितो. आरोग्य विम्याचा प्रश्न राजीनाम्याच्या आधीचा आहे. गट विमा नोकरीबरोबर संपतो, आणि नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा कालावधी असू शकतो. आई-वडिलांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर स्वतंत्र पॉलिसी आजच घ्यावी, म्हणजे नोकरी चालू असतानाच तो काळ सरत जाईल.

सलग पाच वर्षांपेक्षा अधिक सेवा झाल्यामुळे ग्रॅच्युइटी मिळेलच: अंतिम मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला 15 ने गुणून 26 ने भागावे व सेवेच्या वर्षांनी गुणावे. ‘दहा वर्षे पूर्ण कर, म्हणजे पेन्शन मिळेल’ असा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. कर्मचारी पेन्शन योजनेत दहा वर्षांची अट आहे हे खरे, परंतु 15,000 रुपयांच्या वेतनमर्यादेवर दहा वर्षांचे निवृत्तिवेतन 15,000 गुणिले 10 भागिले 70, म्हणजे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापासून दरमहा सुमारे 2,143 रुपये एवढेच होते. तेवढ्यासाठी वर्षभर थांबणे किंवा न थांबणे यावर काहीच अवलंबून ठेवू नये.

कर्जाचा हप्ता पत्नीच्या एकट्या पगारातून जाईल का, याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर आधी मुद्दल कमी करावे. नोकरी सोडल्यावर नवे कर्ज मागायला गेलात, तर बँक काही वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे मागेल, आणि नव्याने स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याकडे ती नसतात.

जुना श्रोता यांचे उत्तर

गायक वसंतराव देशपांडे यांनी लष्कराच्या लेखा विभागात अनेक वर्षे कारकुनी केली आणि 1967 मध्ये त्यांचे गाजलेले संगीत नाटक ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले तेव्हा ते 47 वर्षांचे होते. गायिका प्रभा अत्रे यांनी आकाशवाणीत आणि नंतर विद्यापीठात नोकरी केली. उशीर झाला ही भीती त्यामुळे थोडी कमी व्हावी, पण ही उदाहरणे जपूनच वापरावीत, कारण नोकरी सोडून ज्यांचे काही जमले नाही त्यांची नावे आपल्याला कोणी सांगत नाही.

मध्यलय

सर्वांचे आभार. शिकवण्याबद्दलचा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. कथकच्या वर्गातील लहान मुलींना पढंत, म्हणजे बोल तालात तोंडाने म्हणणे, समजावून सांगताना मला कंटाळा येत नाही, एवढे आज सांगू शकतो. कंपनीत रात्रीच्या बैठका नसलेला, कमी पगाराचा एक विभाग आहे आणि तेथे बदली मागता येईल. तसे करून संध्याकाळी घरीच शिकवणी सुरू केल्यास किती विद्यार्थी झाल्यावर राजीनाम्याचा विचार करावा?

साथसंगत

बदली अवश्य मागा. विद्यार्थ्यांची संख्या मोजण्यापेक्षा मे महिन्याची मिळकत पाहा: परीक्षा संपलेल्या, मुले गावी गेलेली आणि कार्यक्रम बंद, अशा महिन्यात शिकवण्यांतून घरखर्चाचा आपला वाटा सलग दोन वर्षे निघाला, तर राजीनाम्याचे बोलणे घरात काढण्यास हरकत नाही. शुल्क मात्र पहिल्या दिवसापासून महिन्याच्या सुरुवातीलाच घ्यावे आणि सुट्टीचा नियम पालकांना लेखी द्यावा. नंतर हे बदलणे फार अवघड जाते.