चिहारु शिओता पेंटिंग सोडून दोऱ्याकडे कशी वळली?

अपूर्णरेघ
नमस्कार मंडळी. मी फाइन आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पेंटिंगला. गेले चार महिने कॅनव्हाससमोर बसते आणि हातच चालत नाही, जे काढते ते आधी कुणीतरी काढलेलंच वाटतं. परवा चिहारु शिओता या जपानी कलाकार बाईचं 2015च्या व्हेनिस बिएनालेतलं (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) काम फोटोत बघितलं. जपानच्या पॅव्हेलियनमध्ये छतभर लाल दोऱ्याचं जाळं, त्यात अडकवलेल्या 50,000हून जास्त किल्ल्या आणि खाली दोन जुन्या होड्या. नंतर कळलं की ती पण पेंटिंगच शिकत होती. मग इथवर पोचली कशी? आणि असल्या कामावर पोट कसं भरतं? कुणी प्रत्यक्ष बघितलंय का?

काळीशाई
तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण तीही अशीच अडकली होती. जन्म 1972, ओसाकाजवळचं किशिवादा. क्योटो सेइका युनिव्हर्सिटीत पेंटिंग शिकत होती, मधे एक्स्चेंजवर ऑस्ट्रेलियात कॅनबेराला गेली आणि तिथे चित्र काढणं जवळजवळ थांबलंच. मग तिला स्वप्न पडलं की आपण स्वतःच चित्राच्या आत आहोत, आणि 1994मध्ये तिने खरंच अंगावर लाल इनॅमल पेंट ओतून घेतला. कॅनव्हासही अंगाभोवती आणि रंगही अंगावर. तो पेंट विषारी, कातडी भाजली (हे प्लीज कुणी करू नका). पण तिथून गाडी पुढे सरकली. नंतर जर्मनीत गेली, मरीना अब्रामोविचकडे शिकली (स्वतःच्या शरीरालाच माध्यम करणारी परफॉर्मन्स आर्टिस्ट). मरीनाने वर्कशॉपमध्ये बरेच दिवस उपास करायला लावला आणि शेवटी एकच शब्द लिही म्हणून सांगितलं, तर हिने लिहिलं ‘जपान’. घर सोडून इतक्या लांब आलेल्या पोरीच्या हातून दुसरं काय उतरणार! पुढे रेबेका हॉर्न या जर्मन कलाकार बाईकडे शिकली आणि बर्लिनलाच राहिली. मला विचारशील तर तिने रेघ सोडलीच नाही, फक्त ती कागदावरून उचलून हवेत ताणली.

पहाटेचीलोकल
मी बघितलंय. 2019ला तोक्योत नोकरीला होतो तेव्हा रोप्पोंगीच्या मोरी म्युझियममध्ये तिचं मोठं प्रदर्शन लागलं होतं, साडेसहा लाखांच्या वर लोक येऊन गेले. एका खोलीत जळका पियानो आणि भोवती जळक्या खुर्च्या, आणि सगळ्यांवरून काळा दोरा इतका दाट की मागची भिंत धुरकट दिसते. ती 9 वर्षांची असताना शेजारचं घर जळालं, दुसऱ्या दिवशी राखेत तो पियानो उभा होता, ती आठवण आहे ही. मी कडेला वाकून बघितलं तर दोरा भिंतीला साध्या स्टेपलच्या पिनांनी ठोकलेला, आपल्या ऑफिसात असतात तसल्या. एका पिनेपासून दुसरीपर्यंत, गाठ, परत पुढची पिन. कितीतरी जणांचे हात कितीतरी दिवस तिथे चाललेत हे तेव्हा जाणवलं आणि मी बराच वेळ हललो नाही. आणखी एक, प्रदर्शनाचं आमंत्रण आलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला कळलं की कॅन्सर उलटलाय. ट्रीटमेंट चालू असतानाच तिने या सगळ्याची तयारी केली.

दिवेलागण
पोटाचं मी सांगते. मोठी कामं प्रदर्शन संपलं की दोरा कापून काढून टाकतात, पुढच्या ठिकाणी परत पहिल्यापासून विणायचं. गॅलरीतून विकली जातात ती छोटी कामं, म्हणजे लोखंडी चौकटीत दोऱ्याने गुंतवलेला एखादा ड्रेस, किल्ली, पुस्तक, शिवाय ड्रॉइंग्ज. ऑपेराचे सेटही केलेत, 2011मध्ये ब्रसेल्सला ‘मात्सुकाझे’ नावाच्या ऑपेराच्या सेटमध्ये तिचा हात होता. आणि सामान कुठून आणते बघ, पूर्व बर्लिनमध्ये जुन्या इमारती पाडत होते तिथे हिंडून तिने शेकडो खिडक्या जमवल्या आणि त्यांच्याच भिंती उभ्या केल्या. तू पण एक महिना कॅनव्हासकडे बघू नकोस, तुझ्या आसपास लोक काय टाकून देतात ते बघ.

अपूर्णरेघ
सगळ्यांना मनापासून थँक्स. ते स्टेपलच्या पिनांचं वाचून रडूच आलं. आमच्या गल्लीत एक जुना वाडा पाडतायत, उद्या सकाळी कॉलेजच्या आधी तिथे जाऊन येते.