एचओएम डिप ३८ टक्क्यांवर अडकलाय, कुठे बघू?

जोडफोटॉन
एचओएम (हाँग-ओ-मँडेल) डिप, म्हणजे दोन अगदी सारखे फोटॉन स्प्लिटरवर एकदम पोचले की दोन्ही डिटेक्टरवर एकदम येणाऱ्या काउंटमध्ये पडणारा खड्डा. ४०५ नॅनोमीटरचा डायोड लेसर, टाइप-१ बीबीओ (एका फोटॉनचे दोन करणारा स्फटिक), दोन्ही आर्मवर ८१० चे १० नॅनोमीटर रुंदीचे फिल्टर, पुढे सिंगल-मोड फायबर आणि ५०:५० फायबर स्प्लिटर. दोन्ही डिटेक्टरवर सेकंदाला साधारण ८०,००० सिंगल्स (एकेका डिटेक्टरचे काउंट). कोइन्सिडन्स (दोन्हीवर एकदम आलेले काउंट) डिपच्या बाहेर ९००, तळाशी ५६०. विंडो (किती वेळात आले तर 'एकदम' धरायचं) १० नॅनोसेकंद. एका आर्मची लांबी बदलणारी स्टेज ५ मायक्रॉनच्या टप्प्याने हलवतोय, डिप दर वेळी त्याच जागी येतो. पण ५० टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय याला क्वांटम म्हणता येत नाही. काय तपासू?

काउंटर_कट्टा
आधी ॲक्सिडेंटल्स (निव्वळ योगायोगाने एकदम आलेले काउंट) काढा. ८०,००० × ८०,००० × १० नॅनोसेकंद = ६४. वजा केल्यावर ८३६ आणि ४९६ उरतात, म्हणजे जेमतेम ४१ टक्के. विंडो ३ नॅनोसेकंद करा, ॲक्सिडेंटल्स १९ वर येतील. पण मूळ दुखणं ते नाही. स्प्लिटरचं प्रमाण ६०:४० निघालं तरी ९२ टक्के मिळायला हवेत, तेव्हा त्याच्या नादी लागू नका. मात्र तो टेलिकॉमचा, १५५० साठीचा नाही ना? त्या फायबरचा कट-ऑफ १२६० च्या आसपास असतो, ८१० ला ते सरळ मल्टिमोड होतं.

तिरपा_पोलरायझर
मला पोलरायझेशनचा संशय येतोय. दोन फोटॉनांमध्ये ५० अंशांचा फरक पडला की कॉस-वर्गाने बरोबर ४१ टक्केच उरतात.
स्प्लिटरच्या एका आउटपुटचा प्रकाश कॉलिमेट करून पोलरायझरमधून डिटेक्टरवर घ्या. दुसरा आर्म पुठ्ठ्याने झाकून पहिल्याच्या पॅडल्सनी (फायबर पिळून पोलरायझेशन बदलणाऱ्या चकत्यांनी) काउंट किमान करा. मग पोलरायझरला हात न लावता पहिला झाका आणि दुसऱ्याच्या पॅडल्सनी तेच किमान गाठा. कमाल शोधू नका: तिथे १० अंश चुकलं तरी काउंट ३ टक्केच पडतो, कळतही नाही. डार्क काउंट मात्र वजा करा, नाहीतर तळ खोटा दिसेल.

जोडफोटॉन
स्प्लिटर ७८० च्या फायबरचाच आहे. पण पॅडल्स एकाच आर्मवर आहेत, दुसरं फायबर तसंच टेबलावर पडलंय.

तिरपा_पोलरायझर
चालेल की. बिनपॅडलच्या आर्मचं पोलरायझेशन बहुधा एलिप्टिकल असणार, नुसत्या पोलरायझरने शून्यावर येणार नाही. पोलरायझरच्या आधी क्वार्टर-वेव्ह प्लेट लावा आणि दोन्ही आलटून पालटून फिरवत किमान काढा. मग ते तसंच ठेवून पॅडलवाला आर्म त्याच किमानावर आणा. आणि ते पडलेलं फायबर आधी टेपने चिकटवा! एसीच्या झोतात हलत राहिलं तर सकाळचं सेटिंग दुपारी उरत नाही.

काउंटर_कट्टा
एवढं करूनही ९० च्या खाली राहिलात तर फिल्टर सरळ बसलेत का बघा. १० अंश कलला की पट्टा साधारण ३ नॅनोमीटर निळ्याकडे सरकतो. अलाइनमेंट लेसरचं प्रतिबिंब आल्या वाटेने परत जायला हवं, दोन्ही आर्मवर.