झाडं लावा, झोंबी अडवा: कोणी कोणी खेळलंय?

माजी_माळीण:
भाचा सुट्टीला आलाय. परवा त्याच्या मोबाइलमधून 'ब्रेऽऽन्स' असं कण्हणं ऐकू आलं आणि मी तव्यावरची पोळी टाकून धावले. प्लँट्स व्हर्सेस झोंबीज! २००९ चा गेम. पडेल ते ऊन वेचायचं, पन्नास झालं की एक सूर्यफूल, शंभराला वाटाणे मारणारं रोप. आमच्याकडे कॉम्प्युटर एकच, त्यामुळे खरी मारामारी भावाशी. तुमचे किस्से येऊ द्या.

कांदेपोहे:
पेपरवाला झोंबी!!! पेपर फाटला की डोळे लाल करून सुसाट. बाबांना दाखवला तर म्हणाले, बरोबरच आहे त्याचं. आमच्याकडे त्यांच्याआधी पेपर कोणी उघडत नाही.

रात्रपाळी:
आधी दोन उभ्या रांगा सूर्यफुलं, मग बाकीचं. यावर चर्चा नाही.

गच्चीकर:
@रात्रपाळी चर्चा आहे. रात्रीच्या लेव्हलला काय करणार? तिथे ऊन देणारं मश्रूम, सनश्रूम, पंचवीसमध्ये काम. पफश्रूम तर फुकट. आणि छपरावर तुमचे वाटाणे उतारावरच आपटतात, तिथे कोबी फेकणारं रोपच लागतं. तेही कुंडीत.

रात्रपाळी:
बरं सर 🙏

झोपाळू_मश्रूम:
आमच्या आजीला झोंब्यांशी काही देणंघेणं नव्हतं. तिला फक्त ती झेन गार्डन लावून द्यायची. कुंड्यांना पाणी घाल, गोगलगायीला चॉकलेट चार. दारातली खरी तुळस माझ्यावर सोडलेली!

माजी_माळीण:
@झोपाळू_मश्रूम आजींना सा. न. 😂 मला तो झोंब्यांना अडवणारा अक्रोड बघवायचा नाही. कुरतडत आणला की कसा रडवेला होतो.

जुनी_सीडी:
नाचणारा झोंबी आधी थेट मायकल जॅक्सन होता, आठवतंय का? वारसांनी हरकत घेतली आणि २०१० मध्ये तिथे डिस्कोवाला आला. नाच तोच, मजा गेली. शेवटचं सूर्यफुलाचं गाणं मात्र अजून पाठ आहे. गेमची संगीतकार लॉरा शिगिहारानेच केलंय, गायलंयही तिनेच.

कांदेपोहे:
आता तू ते डोक्यात घातलंस. कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, विसरले.

नवी_मिरची:
गेम नाही खेळले कधी, पण झाडांचा विषय निघालाच आहे तर, बाल्कनीतल्या मिरचीची पानं वळलीत. काय करू?

गच्चीकर:
चुरडामुरडा. आंबट ताक पाण्यात घालून फवार. निंबोळी अर्कही चालेल.

रात्रपाळी:
चेरी बॉम्ब टाका. दीडशे ऊन.

नवी_मिरची:
@गच्चीकर ताक किती दिवसांचं?

गच्चीकर:
तीन-चार. संध्याकाळी मार, उन्हात नको. आणि खालच्यांचे कपडे वाळत नाहीत ना ते बघ आधी.