तळ्याला पूर्ण फेरी, की त्याच वाटेने परत?

रानवाट:
डोंगरांच्या मधोमध तळं आणि तळ्याकाठी लहानसं गाव. अशा ठिकाणी धावायचं म्हटलं की नकाशा उघडून सगळे आधी तळ्याभोवती बोट फिरवतात. माझं मत याच्या विरुद्ध आहे. वाट ओळखीची होईपर्यंत पूर्ण फेरी मारूच नये. एकच काठ धरून जावं आणि आल्या वाटेने परतावं.

पहिलं कारण अंतराचं. २ किमी लांब आणि १ किमी रुंद असं लंबगोल तळं घेतलं तर त्याचा घेर जेमतेम ४.८ किमी भरतो. डोंगरातलं तळं मात्र लंबगोल नसतं. प्रत्येक ओढ्यापाशी पाणी आत घुसलेलं असतं आणि वाटही त्याच्यासोबत आत जाऊन बाहेर येते. त्यामुळे ५ वाटणारी फेरी सहज ७-८ किमी होते.

दुसरं कारण चढाचं. नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, २० मीटर उंचीच्या अंतराने काढल्या असतील तर दोन रेषांच्या मधला १५ मीटरचा उंचवटा नकाशावर दिसतच नाही. काठावरची वाट प्रत्येक ओढ्यात उतरते आणि पलीकडे चढते. असे १० ओढे म्हणजे नकाशाने न सांगितलेला १५० मीटर चढ. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालणाऱ्यांसाठी हिशेब मांडला होता: ताशी ५ किमी, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. म्हणजे १०० मीटर चढ अंदाजे ८०० मीटर सपाटीएवढा. धावणाऱ्यालाही कच्च्या अंदाजासाठी हे प्रमाण पुरतं. ८ किमीची फेरी अशी सव्वानऊ किमीच्या कष्टाची होते.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. अर्धी फेरी झाली की मागे फिरा नाहीतर पुढे जा, अंतर सारखंच. शेवटच्या ओढ्याला पाणी असेल, बांधावरची वाट बंद असेल, तर ते ७० टक्के अंतर संपल्यावर कळतं. त्याच वाटेने परतणाऱ्याने पुढचा प्रत्येक दगड आधीच पाहिलेला असतो.

शिवाय रस्त्याला एका बाजूला उतार असतो. परतताना तो दुसऱ्या पायाखाली येतो, म्हणून दोन्ही पायांवर सारखा भार पडतो.

पाणकोंबडी:
अंतर आणि चढाचा हिशेब मान्य. रस्त्याच्या उताराबद्दलचा मुद्दा मात्र अर्धवट आहे, आणि त्यावर विसंबून कुणाचं कंबर-गुडघं दुखायला नको.

रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता असेल तर समोरून येणारी वाहनं दिसावीत म्हणून आपण नेहमी एकाच हाताच्या कडेने धावतो. जाताना आणि येताना तीच बाजू. म्हणजे कडेकडचा पाय दोन्ही वेळा खालीच पडतो, परतून काहीही साधत नाही. डोंगर कापून केलेले बरेच रस्ते मात्र सगळेच्या सगळे डोंगराकडच्या गटारीकडे कललेले असतात. फक्त तिथे तुमचं म्हणणं लागू पडतं. आधी रस्ता कुठल्या प्रकारचा आहे ते बघावं. पाऊस पडून गेल्यावर पाणी कुठल्या कडेला वाहतं, त्यावरून लगेच कळतं. मध्ये उंच असलेल्या रस्त्यावर, वाहनं नसतील आणि पुढचं लांबवर दिसत असेल तरच थोडा वेळ मधून धावावं. वळणावर कधीही नाही.

आता फेरीच्या बाजूने. ऊन-सावली दोन्ही हवी असेल तर फेरीला तोड नाही. सकाळचं ऊन पूर्वेच्या डोंगरावरून येतं, म्हणून पश्चिम काठ आधी उजळतो आणि पूर्व काठ बराच वेळ सावलीत राहतो. थंडीत पश्चिम काठाने सुरुवात करावी. उन्हाच्या दिवसांतही पश्चिम काठच आधी, पण ऊन यायच्या आत भल्या पहाटे उरकून पूर्व काठावर सावली असतानाच पोचावं. एकाच काठाने गेलात तर या निवडीला जागाच उरत नाही.

आणि तुम्ही सांगितलेली भीती दिशा निवडून कमी करता येते. शंकास्पद भाग, मग तो ओढा असो, बांध असो की चिखल, पहिल्या तिसऱ्या हिश्शात येईल अशा दिशेने सुरू करा. बंद असेल तर २ किमीवरून परत या.

समोच्च:
दोघांचंही लक्ष पाण्याच्या कडेवर आहे आणि माझा विरोध तिथेच आहे. देखण्या मार्गाबद्दल बोलायचं तर काठ ही सगळ्यांत कमी दिसणारी जागा. झाडी आणि वेतांच्या आडून पाण्याचे तुकडे दिसतात, बस्स. पाण्यापासून ४० ते ६० मीटर उंचीवर, एकाच उंचीने जाणारी गुरांची किंवा लाकूडफाट्याची वाट शोधा. तिथून सगळं तळं, पलीकडचं गाव आणि ओढ्यांची तोंडं एका नजरेत येतात.

पहाटे तर फरक आणखी जाणवतो. निरभ्र रात्री डोंगरावरची थंड, जड हवा खाली सरकून तळ्याच्या खोलगटात साठते. पाणी तिच्यापेक्षा उबदार असलं की पृष्ठभागावर धुकं धरतं. खाली हात गारठलेले आणि दहा पावलांपुढचं दिसत नाही, तर पन्नास-साठ मीटर वर कित्येकदा लख्ख ऊन असतं.

चढाची भीती वाटत असेल तर चालत चढा, यात कमीपणा काहीच नाही. सावकाश वेग धरला तर १५ अंशांच्या पुढे, म्हणजे साधारण २७ टक्के चढाला, धावण्यापेक्षा चालण्यात कमी शक्ती जाते. हात मांडीवर टेकवून चालणारा आणि टाचा उचलून धावणारा वर बहुधा एकदमच पोचतात, फक्त दुसऱ्याच्या पोटऱ्या संपलेल्या असतात.

रानवाट:
@पाणकोंबडी, रस्त्याच्या उताराचं तुमचं बरोबर आहे, माझं विधान मागे घेतो. शंकास्पद भाग आधी घ्यायची सूचनाही चांगली आहे, पण ती फक्त साचलेल्या चिखलाला आणि बंद फाटकाला पुरते. पावसाळी दुपारी ओढा तासाभरात वाढतो. पहिल्या हिश्शात घोट्याएवढा असलेला तोच ओढा फेरी अर्धवट सोडून परतावं लागलं तर आडवा येतो. गुडघ्यापर्यंत वाहतं पाणी असेल तर ओलांडू नये, पलीकडे गाव दिसत असलं तरी. म्हणून अशा दिवशी मी सुचवेन तो काठ एकच: ज्यावर एकही मोठा ओढा नाही.

@समोच्च, तुमच्या वाटेचा उतार तुम्ही मोजलाच नाहीत. गाव तळ्याकाठी म्हणजे खाली. वर गेलेल्याला शेवटी, दमलेल्या पायांनी उतरायचं आहे. उताराला दम लागत नाही म्हणून लोक फसतात. शरीरक्रियाशास्त्रज्ञ मिनेट्टी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये फिरत्या पट्ट्यावर (ट्रेडमिलवर) धावणाऱ्यांची मोजणी केली, त्यात सुमारे २० टक्के उताराला शक्ती सगळ्यांत कमी लागली, सपाटीच्या जवळपास निम्मी. फुप्फुसं मोकळी आणि मांडीचे स्नायू मात्र ताणले जात असतानाच आवळून ब्रेक लावतात. त्याचं दुखणं लगेच येत नाही, २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. घोटे मुरगळतात तेही इथेच.

समोच्च:
उताराचं दुखणं खरं, पण त्यावर उपाय उतरणंच आहे. एकदा बेताचा उतार धावला की पुढचे काही आठवडे तेच स्नायू तेवढ्याच उताराला कमी दुखतात. पहिल्या खेपेला १०० मीटरपेक्षा जास्त उतरू नका, पावलं छोटी ठेवा, शरीर मागे रेलू नका. मागे रेललं की टाच पुढे पडते आणि मुरमावर तीच घसरते.

बुटांचंही बोलू, कारण अर्धे अपघात तिथून सुरू होतात. डांबर आणि पायवाट मिसळलेली असेल तर तळाचे दात ३-४ मिमी पुरतात. ६ मिमीचे दात चिखलाला उत्तम, डांबरावर मात्र डुगडुगतात आणि लवकर झिजतात. शेवाळलेल्या ओल्या खडकावर दात कितीही खोल असले तरी उपयोग नाही, तिथे रबराचा मऊपणा कामाला येतो, आणि त्याहून जास्त चालणं.

एक धोका मात्र माझ्या वाटेचाच आहे, तो लपवत नाही. डोंगराच्या सोंडेवर वीज. वीज दिसल्यापासून आवाज यायला ३ सेकंद म्हणजे १ किमी. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर लगेच खाली उतरा, एकट्या झाडाखाली थांबू नका आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं वर जाऊ नका.

पाणकोंबडी:
@रानवाट, ओढ्याचा मुद्दा मान्य, पावसाळी दुपारी फेरी नको. कोरड्या ऋतूत मी अजूनही फेरीच म्हणेन, एक अट घालून. तळं बांध घालून केलेलं असेल तर पाणी उतरलेलं असताना नकाशातल्या काठापासून खूप आतपर्यंत गाळ उघडा पडतो. वर भेगाळलेला, टणक दिसतो. खाली ओला असतो आणि पाय घोट्याच्या वर रुततो. अंतर वाचवायला त्यावरून आडवं जाऊ नये. जुन्या पाणरेषेच्या वर, जिथे गवत सुरू होतं, तिथूनच जावं.

प्यायचं पाणी गावातूनच भरून न्या. तळ्याच्या पाण्यावर निळसर-हिरवी साय दिसली तर उकळूनही पिऊ नका. उकळल्याने जंतू मरतात, त्या सायीतलं विष तसंच राहतं.

काठोकाठ:
कुत्र्यांबद्दल कुणीच बोललं नाही. फेरीत तीन-चार वाड्या लागतात, म्हणजे तीन-चार हद्दी. घरं दिसायला लागली की धावणं थांबवून चाला. कुत्रं अंगावर आलं तर पाठ फिरवू नका, हळू बोलत बाजूने निघा. गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका, वरच्या बाजूने वळसा घ्या. या एका गोष्टीत रानवाट यांची बाजू भक्कम आहे: एकाच काठाने गेलं तर हद्दी कमी, आणि परतताना कुत्र्यांनी तुम्हाला एकदा पाहिलेलं असतं.

रानवाट:
हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, आभार. एक जोड: परत फिरायचं ते अंतर बघून नाही, वेळ बघून. कड्याखाली घड्याळातलं अंतर भरकटतं, कारण उपग्रहांचे संकेत खडकावर आपटून येतात. ६० मिनिटं हाताशी असतील तर २५ व्या मिनिटाला फिरा, आणि परतीला चढ असेल तर २० व्या. निघताना गावात कुणाला तरी काठ आणि वेळ दोन्ही सांगून जा, कारण सोंडेच्या आड गेल्यावर फोन लागेलच असं नाही.